जुना फोटो, नवा फोटो : मेळघाटातल्या उठलेल्या गावाकडे कोण कसं बघतं?

सिपनाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहायला बसलो.

मी परतवाड्याचा, जिल्हा परिषदेचा शिक्षक. १९९८ ते २००४ अशी सहा वर्षं मेळघाटात, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातल्या एका कोरकू आदिवासी गावात होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली काही माणसं अजून कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन फिरतात, त्यांना माझ्यामुळे त्रास नको. चाळीसेक घरं, दोन खोल्यांची शाळा, एक हापशी आणि गावाच्या तिन्ही अंगांनी वावरं. २०१० नंतर व्याघ्र प्रकल्पाच्या पुनर्वसनात ते गाव उठलं आणि लोक खाली अकोट तालुक्यात आले.

जुन्या गावठाणावर त्यांचा मुठवा, म्हणजे गावदेव आहे. वर्षातून एकदा परवानगी काढून ते पूजेला जातात. यंदा फेब्रुवारीत मलाही निरोप आला, "सर, तुमी पण चला." गेलो.

जाताना एक फोटो सोबत नेला. २६ जानेवारी २००३ चा, शाळेच्या पायरीवरून काढलेला. पोरं रांगेत उभी आहेत. त्यांच्या मागे तुरीचं वावर, धुऱ्यावर मोहाची तीन झाडं, आणि पलीकडे गुरांनी खाऊन खाऊन उघडी केलेली टेकडी. टेकडीवर साग, पण विरळ, एकेक झाड मोजता येईल असा. त्याच पायरीवरून तोच फोटो पुन्हा काढायचा, एवढंच डोक्यात होतं.

पायरी सापडायलाच अर्धा तास गेला. भिंती नाहीत, छप्पर नाही, सगळीकडे घाणेरीची (लँटाना) झुडपं माजलेली. काठीनं चाचपत चाललो होतो, एका जागी काठी दगडावर वाजली. वाकून माती झटकली तर दगडाला बोटाएवढ्या गुळगुळीत खळग्या. पोरं चिंचोके घासून अर्धे करायची, त्याच्या त्या खळग्या. घंटा झाली तरी घासत बसायची, मी ओरडायचो. मला तिथून लगेच उठवेना.

मग फोटो काढला. तुरीच्या जागी छातीइतकं गवत, वाळून पिवळं पडलेलं. कडेनं घाणेरी, टेकडीवर दाट रान. मोहाची दोनच झाडं. पायरीपासून दहा हातांवर गव्याचं ताजं शेण.

घरी आल्यावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून मी येईल त्याला दाखवत सुटलो. माझा पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, किती सुंदर झालंय हे!" ओळखीच्या एका वनरक्षकांनी टेकडीकडे बघितलंच नाही, गवत बघितलं. "पवन्या आलाय, शेडा आलाय. जमीन सुधारली." घाणेरीवर मात्र त्यांनी जीभ चुकचुकवली. माझा जुना विद्यार्थी, आता अकोटला गाडी चालवतो, तो नव्या फोटोत किती तरी वेळ हापशी शोधत होता. आणि त्याच गावची एक म्हातारी, जिच्या घरी मी सहा वर्षं कुटकीचा भात खाल्ला, तिनं नवा फोटो हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला आणि म्हणाली, "हे जंगल नोहे. हे पडीत हाये." मग विचारलं, "तिसरा मोहा कुठं गेला?"

ते ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. आपण मेळघाटाबद्दल बोलतो तेव्हा आकडे ठरलेले असतात. १९७४ चा व्याघ्र प्रकल्प, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. एकूण २७६८ चौरस किलोमीटर, त्यात गाभा १५०० चा. गाव उठायचं तर कुटुंबामागे आधी १० लाख रुपये, २०२१ पासून १५ लाख. पण ज्यानं ती टेकडी पिढ्यान्‌पिढ्या वापरली त्याला ती आज कशी दिसते, हे कोणी विचारताना मी पाहिलं नाही. दाट झालं म्हणजे चांगलं झालं असं आपण धरून चालतो. म्हातारीच्या डोळ्यांना तो दाटपणा म्हणजे कोणी हात न लावलेलं वावर.

चिखलदरा, धारणी, नरनाळा, वान, अंबाबरवा, पायथ्याची गावं, जो जिथला असेल त्यानं लिहावं. तुमच्या डोळ्यांदेखत डोंगर कसा बदलला? तुम्हाला तो चांगला वाटतो का?

---

पायथ्याचा_पाटील

गुरुजी, लय मनातलं लिवलं तुमी.

मी पोपटखेडच्या अंगाचा. माह्या वावराच्या धुऱ्यावर उभं रायलं का सातपुडा समोर दिसते. माह्या लहानपनी डोंगर काळा दिसे. मधात पंधरा-वीस वर्सं तो भुरका झाला होता, मार्च लागला का आंगावर झाडच नाई असा. आता पुन्हा काळा दिसू रायला. मले हे चांगलं वाटते अन् ते मी लपवत नाई, कारन माही हीर त्या डोंगरावर चालते. शहानूरचं धरन त्याच डोंगराच्या पान्यावर भरते, अन् तेच पानी अंजनगाव-दर्यापूरकडच्या खारपानपट्ट्यात प्याले जाते. तिकडे जमिनीतलं पानी तोंडात घेववत नाई. डोंगर उघडा पडला तं आमी सगळेच गेलो.

पन त्याच डोंगरातून रातच्याले रोही (नीलगाय) अन् रानडुकरं उतरतेत. हरबरा घाट्यावर आला का मले अन् पोराले पाळीपाळीनं जागल करा लागते. मागच्या साली एका रात्रीत दीड एकर लोळवला. भरपाईचा अर्ज केला, आले तेवढे पैसे बियाण्यालेही पुरले नाईत.

अन् उठून आलेल्या गावातले लोकं माह्याकडे तूर सोंगाले येतात. कामाले वाघ हायेत. पन अकोल्याकडचा उन्हाळा त्याइले सोसत नाई. मे मयन्यात एक म्हातारा मले म्हने, "पाटील, इथं सावली कुठं ठेवली?" मले काई बोलता आलं नाई. माह्या वावरात एक निंबाचं झाड हाये, त्याच्याखालीच त्यानं दुपार काढली.

---

लेन्स_आणि_लाल_माती

मी पुण्याचा. मेळघाटात कोलकास आणि सेमाडोहला तीनदा गेलो आहे, एकदा बुद्धपौर्णिमेला मचाणावरही बसलो. खरं सांगतो, गुरुजींचा नवा फोटो माझ्यासमोर आला असता तर मीही भाच्यासारखंच बोललो असतो. घाणेरीची फुलं आणि त्यावरची फुलपाखरं मी हौसेनं टिपली आहेत. ती वाईट असते हे ऐकून होतो, पण नेमकं काय बिघडतं? आणि काढून का टाकत नाहीत? माहीत नाही म्हणून विचारतो आहे.

---

रानपिंगळा

@लेन्स, घाणेरी आपल्याकडची नाही. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून भारतात आणली. गुरं तिला तोंड लावत नाहीत, फळं पाखरं खातात आणि बी सगळीकडे टाकतात. एकदा तिनं जाळी धरली की खाली गवत उगवत नाही, सागा-धावड्याची रोपं वर येत नाहीत. नुसती वरून छाटली तर दुप्पट फुटते. मुळाचा गड्डा जमिनीखाली तोडायचा आणि झाड उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. तेवढ्यानंही भागत नाही. मोकळ्या झालेल्या जागी लगेच गवताचं बी पडलं नाही तर दोन पावसाळ्यांत ती परत येते. हे सगळं हातानं करायचं काम आहे आणि हजारो हेक्टरांवर करायचं आहे.

गुरुजी, मी अमरावतीची, गवतावर आणि पक्ष्यांवर काम करते. उठलेल्या गावांच्या जागा वर्षानुवर्षं बघते आहे. पहिल्या पावसाळ्यात वावरात तरोटा आणि रानतुळस माजते. मग हळूहळू कुसळ, मग मारवेल, पवन्या, शेडा. चितळ आणि गवे आधी येतात, त्यांच्या मागे वाघ. पण नुसतं सोडून दिलं तर बोर, पळस आणि घाणेरी ते कुरण गिळतात. म्हणजे जे आपल्याला "निसर्गानं परत घेतलं" असं दिसतं, ते मजुरांनी तरोटा उपटून, झुडपं काढून राखलेलं असतं. आधी गाव ती जागा मोकळी ठेवत होतं, आता रोजंदारी ठेवते.

आणखी एक गोष्ट. माझं टोपणनाव ज्याच्यावरून आहे तो रानपिंगळा, एक छोटं घुबड, ११३ वर्षं कोणाला दिसला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो पुन्हा सापडला तो नंदुरबारमध्ये शहाद्याजवळ, विरळ सागाच्या रानात. मेळघाट आज त्याचा मोठा आधार आहे. त्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात आणि सरडे-उंदीर टिपायला मोकळी जमीन लागते. गुरुजींच्या जुन्या फोटोतली टेकडी, जिच्यावर झाडं मोजता येतात, तशी जागा त्याला चालते. घाणेरीनं बुजलेली नाही चालत. वाघाला हवं ते सगळ्यांनाच हवं असतं असं नाही.

---

निवृत्त_वनरक्षक

मी कधी लिहीत नाही, पण इथे लिहावंच लागेल. एकतीस वर्षं नोकरी केली, बरीचशी मेळघाटात, सगळी पायी.

गुरुजींच्या जुन्या फोटोतली टेकडी छान दिसते. त्या टेकडीवर तेव्हा सागाचं एक कोवळं रोप सापडलं नसतं. जुनी झाडं उभी होती, पण नवी पिढीच नव्हती. गुरं गावाची होती तशी खालचीही होती. पावसाळ्यात पायथ्याच्या मोठ्या लोकांचे शेकडोंचे कळप वर चढायचे आणि नाव कोरकूंचं व्हायचं. १५ फेब्रुवारीच्या आत वणवा अडवायला जाळरेषा करायच्या आणि पुढे १५ जूनपर्यंत रात्र म्हणजे धूर कुठून येतो ते बघत बसायचं. मोहाखालचा पाला पेटवतात, वारा सुटला की डोंगर जातो. झाडाच्या ओल्या डहाळ्यांनी झोडपून आम्ही वणवे विझवलेत. माझ्या उजव्या पोटरीवर त्याची खूण आहे. त्यामुळे आजचं गवत बघून मला आनंद होतो, आणि तो आनंद खोटा नाही.

आता दुसरी बाजू सांगतो. एक गाव उठताना घरं मोजायला मी होतो. घर किती खणांचं, दारं किती, झाडं किती, फळझाड की इतर, असं सगळं लिहायचं. एका बाईनं मला हाताला धरून वावरातल्या मोहापाशी नेलं आणि म्हणाली, हे लिही. मी म्हटलं, वावरातलं असेल तर लिहितो. मग ती धुऱ्यापलीकडच्या मोहाकडे बोट दाखवायला लागली, मग नाल्यापलीकडच्या. ती सगळी झाडं तिच्या घराची होती. गावात सगळ्यांना ते मान्य होतं. माझ्या कागदावर त्याला रकाना नव्हता. मी पुढच्या घराकडे गेलो. नोकरी होती म्हणून गेलो, पण ती बाई अजून आठवते.

गुरुजींच्या म्हातारीला तिसरा मोह का हवा, ते मला त्या दिवसामुळे कळतं.

---

खवा_चिखलदरा

आम्ही गवळी. गाविलगडाचं नावच आमच्यावरून पडलं म्हणतात.

चिखलदऱ्याच्या पठारावरचं आखूड गवत लोकांना फार आवडायचं. ते आमच्या म्हशींनी राखलेलं होतं. चराई कमी झाली, घरागणिक म्हशी कमी झाल्या. माझ्या आजोबांकडे साठ होत्या, माझ्याकडे नऊ आहेत. खवा अजून लाकडावरच आटवतो, पण दूध पुरत नाही.

दाट रानाबद्दल सगळे बोलताहेत. आमच्याकडचा बदल उलट्या दिशेचा आहे. इथं रान नाही वाढलं, इमारती वाढल्या. गोरघाट ते हरिकेन पॉइंट ४०७ मीटरचा काचेचा स्कायवॉक, त्याच्या नावानं जमिनींचे भाव, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग. पावसाळ्यात ढग घरात शिरतो आणि उन्हाळ्यात त्याच गावाला प्यायला टँकर येतो. माझ्या म्हशीनं चार काड्या खाल्ल्या तर पावती फाडतात, आणि डोंगराचा उतार मशीननं कापून हॉटेल उभं राहतं. एकाच डोंगराला दोन कायदे कसे, हे मला कोणी समजावून सांगावं. मी खरंच विचारतो आहे.

---

पायथ्याचा_पाटील

@खवा_चिखलदरा, भाऊ, बरोबर बोलले.

एक रायलंच होतं. अकोला-खंडवा छोटी गाडी. धूळघाटाले रूळ सोताच्याच खालून जाये, आमी त्याले चारचा आकडा म्हनो. २०१७ पासून गाडी बंद हाये. मोठी लाइन जंगलातून न्यावी का बाहेरून, याच्यावर वर्सानुवर्सं भांडन चाललं. जंगलाले शांतता भेटली हे मान्य. पन त्या गाडीनं वरचे लोकं मोहफुलं, चारोळी घेऊन अकोटच्या बाजाराले येत, अन् आमच्याकडून मीठ-मिरची नेत. डोंगर अन् पायथा एकमेकाले ओळखत होता. आता माह्या पोराले डोंगर म्हनजे नुसती डुकरं कुठून येतेत ती जागा.

---

धारणीची_पोर

सर, मी कोरकू. धारणीकडच्या, गाभ्याबाहेरच्या बफरमधल्या गावची. अमरावतीला नर्सिंग करते. मराठी शाळेत शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या.

"पडीत" वाचून मी थांबले. माझ्या आजीला मी तुमची गोष्ट फोनवर सांगितली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्यात मोहाचं झाड घराचं असतं. फुलं पडायच्या आधी खाली झाडून घ्यायचं, पालापाचोळा एका अंगाला करायचा. पहाटे अंधारात टोपली घेऊन जायचं, नाहीतर हरणं आणि अस्वलं आधी येतात. फुलं संपली की पुढे टोरी, म्हणजे मोहाचं बी, तिचं तेल. ज्या झाडाखाली कोणी झाडत नाही त्या झाडाचं माणूस गेलं, असं आजी समजते. वनरक्षक काका म्हणतात तसा पाला पेटवणारेही आहेत. आजी त्यांना शिव्या देते, पेटवलं तर झाडाचं बूड भाजतं म्हणून.

पण एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. आमचं सगळं छान होतं आणि वाघानं बिघडवलं, असं कोणी समजू नका. माझी मावशी बाळंतपणात वाटेत गेली. जीप मिळायला चार तास लागले होते. मी नर्सिंगला आले ते त्यामुळेच. आमच्या गावचा डोंगर आमच्याही हातानं बदलला आहे. पूर्वी उतारावर कुटकी आणि सावा पेरायचे. त्याला नांगर खोल लागत नाही, वावरात झाडं उभी राहिलेली चालतात. सोयाबीन आलं, ट्रॅक्टर आला, मधली झाडं अडचण झाली. बाबांनीच आमचे दोन मोह तोडले. आजी त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही.

आणि पायवाटा बुजल्या. हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दिवाळी झाली की अर्धं गाव कामाला बाहेर जातं, परतवाडा, अमरावती, कोणी आणखी लांब. होळीला परत येतात, कारण होळी चुकवायची नसते. पूर्वी हिवाळाभर माणसं रानात ये-जा करायची, वाटा उघड्या राहायच्या. आता चार महिने चालणारंच कोणी नसतं. वाट बुजली की त्या जागेचं नावही कोणी घेत नाही. आजीला आमच्या नाल्याच्या प्रत्येक वळणाचं नाव माहीत आहे, मला चार-पाचच येतात. आजी आता एकटी जात नाही. म्हणते, वाघाची भीती आधीही होती, पण तो दिसायचा. घाणेरीत दोन हातांवर कोण बसलंय ते कळत नाही.

आमच्या गावात उठायचं की नाही यावर ग्रामसभा होतात. वनहक्क कायदा २००६ चा आहे, त्यात ग्रामसभेची संमती लागते असं लिहिलेलं आहे. पोरं म्हणतात जाऊ, म्हातारी म्हणतात नाही. मी कोणत्या बाजूची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. उजाड टेकडी लोकांनी राखली, आता तिथली सीताफळं बाजारात जातात. ती टेकडीही हिरवीच झाली आहे, पण तिथं झाडणारं कोणीतरी आहे. तो बदल माझ्या आजीला कळेल.

सर, एक विनंती. तो जुना फोटो मोठा करून त्या गावच्या लोकांकडे न्या आणि जागांची नावं लिहून घ्या. कोरकूत. म्हातारी माणसं आहेत तोवर.

---

रानपिंगळा

@धारणीची_पोर, पायवाटांचं तू लिहिलंस ते मी माझ्या नोंदवहीत उतरवून घेतलं. इतकी वर्षं त्या रानात हिंडते, बुजलेली वाट ही नोंद करायची गोष्ट आहे हे मला सुचलं नव्हतं.

---

सिपनाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

@धारणीची_पोर, बेटा, तू सांगितलंस तसंच केलं. दोन्ही फोटो दोन-दोन फुटांचे करून घेतले आणि रविवारी अकोटकडच्या नव्या वस्तीत गेलो. कोणाच्या तरी पडवीत बाजेवर मांडले. आधी पोरं जमली, मग बाया, मग म्हातारे. दोन तासांत एकोणीस नावं लिहून झाली. नाल्याच्या वळणाला एक, टेकडीच्या खांद्यावरच्या दगडाला एक, जिथं पावसाळ्यात गुरं थांबायची त्या जागेला एक. मी सहा वर्षं तिथं राहिलो, मला त्यातली तीन माहीत होती. लिहिलं माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीनं, सातवीत आहे. अक्षर चांगलं आहे.

आणि मला एक चूक कबूल करायची आहे. म्हातारीनं मोठा फोटो बघितला आणि नव्या फोटोतल्या पायरीवर बोट ठेवून म्हणाली, ही शाळेची पुढची पायरी नव्हे, मागची. मी म्हटलं, चिंचोक्यांच्या खळग्या आहेत ना. त्यावर माझा विद्यार्थीच बोलला, "सर, पुढच्या पायरीवर तुमी ओरडत होते. म्हणून आमी मागच्या पायरीवर घासत होतो."

म्हणजे मी पंधरा-वीस पावलं चुकलो. ज्या दोन फोटोंवरून मी एवढा धागा काढला, ते एका जागेवरून काढलेलेच नाहीत. म्हातारीच्या मते तिसरा मोह पडलेला नाही, नव्या फोटोत तो घाणेरीच्या जाळीआड आहे. तिनं जाळीवर नख ओढून जागा दाखवली. तो तिच्या सासूचा मोह आहे.

पुढच्या पूजेला तिला यायचं आहे. दम लागतो, गुडघे गेलेत, तरी यायचं आहे. झाडाखाली झाडून घेते म्हणाली, मग फुलं कोणी का खाईना.

---

निवृत्त_वनरक्षक

गुरुजी, अर्ज जानेवारीतच टाका, उशीर करू नका. आणि पूजेच्या सामानाच्या यादीत खराटे लिहा, कोयतेही लिहा, किती ते आकड्यात. नाहीतर नाक्यावर अडवतील. मी सोबत येतो. घाणेरीचा गड्डा कसा तोडायचा ते पोरांना दाखवतो.